वाऱ्याच्या उलट वाहणारं कोमट पाणी : लूविन प्रवाह, त्याचे भोवरे आणि उपग्रह

मृण्मयी_पर्थ
पर्थला येऊन मला १६ वर्षं झाली. ज्या समुद्राकडे रोज बघते त्याच्याबद्दल एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे, म्हणून हा धागा काढते.

इथे उन्हाळ्यात दुपार झाली की नैऋत्येकडून गार वारा सुटतो. लोक त्याला प्रेमानं ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. वर्षातला बराच काळ वारा दक्षिणेकडचाच. आपण शाळेत शिकलो की खंडांच्या पश्चिम किनाऱ्याला थंड प्रवाह असतात : चिली-पेरूला हम्बोल्ट, नैऋत्य आफ्रिकेला बेंग्वेला. मग ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यालगत गरम पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर, वाहतं कसं? या प्रवाहाचं नाव लूविन. उपग्रहानं टिपलेल्या तापमानाच्या चित्रात किनाऱ्याला बिलगलेला केशरी पट्टा दिसतो आणि वेलीला तणावे फुटावेत तसे त्यातून गोल गोल भोवरे बाहेर पडलेले दिसतात. मी अर्धा तास ते चित्र बघत बसले होते.

प्रश्न तीन. पाणी वाऱ्याला जुमानत कसं नाही? भोवरे का होतात? आणि शेकडो किलोमीटर वरून उपग्रहाला हे सगळं कळतं तरी कसं?

विचारण्यामागे एक आठवण आहे. २०११ च्या मार्चमध्ये आम्ही उत्तरेला जेराल्डटनच्या बाजूला गेलो होतो. पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं लागत होतं आणि किनाऱ्यावर मेलेले मासे पडलेले होते. एक म्हातारे मच्छीमार नुसते उभे राहून बघत होते. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

कोकणकडा
वाचतोय. विषय एकदम वेगळा. जाणकारांनी लवकर या.

दोनापावला
मी समुद्रविज्ञानात २२ वर्षं काम केलं, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

वारा हे प्रवाहाचं एकच कारण नाही, उतार हे दुसरं. प्रशांत महासागराचं गरम आणि कमी खारट पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागरात येतं. गरम पाणी फुगतं, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला समुद्राची पातळी जरा उंच असते. दक्षिणेचं पाणी थंड आणि जड, तिथं पातळी खाली. वायव्य टोकापासून नैऋत्य टोकाच्या केप लूविनपर्यंत साधारण १४०० किलोमीटरमध्ये हा उतार अर्ध्या मीटरच्या आसपास भरतो.

पण समुद्र म्हणजे ओढा नव्हे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात वाहतं पाणी डावीकडे वळतं. दक्षिणेला निघालेल्याची डावी बाजू म्हणजे पूर्व, म्हणजे किनारा. तिकडे वळलेल्या पाण्याला पुढे जमीन आडवी येते. ते तिथं साचतं, खाली दबतं आणि किनारा धरून दक्षिणेला निघतं. वारा त्याला उत्तरेकडे रेटत असतोच, पण उतार वाऱ्याला पुरून उरतो. चिलीला असा उतार नाही. तिथं वाऱ्याचं राज्य चालतं, वरचं पाणी समुद्रात ढकललं जातं आणि तळचं थंड, पोषक पाणी वर येतं. म्हणून चिली-पेरूला माशांच्या राशी, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाला त्या मानानं फार कमी मासळी, पण स्वच्छ निळं पाणी आणि प्रवाळ.

मे ते जुलैमध्ये दक्षिणी वारा मंदावतो, तेव्हा लूविनला सर्वांत जोर असतो. म्हणजे मृण्मयीताई, तुमच्याकडे थंडी पडते तेव्हाच हा कोमट पाहुणा दारात येतो.

सह्यगिरी
दोनापावला सर, एक शंका. १४०० किलोमीटरमध्ये अर्धा मीटर? आमच्या गावच्या पाटालासुद्धा याहून जास्त उतार असतो. एवढ्याशा उतारानं समुद्र हलतो हे पटायला जड जातंय.

दोनापावला
@सह्यगिरी, शंका रास्त आहे. पाटात पाणी हातभर खोल असतं आणि काठांशी, तळाशी घासत जातं. इथं प्रवाह ५० ते १०० किलोमीटर रुंद आणि सुमारे ३०० मीटर खोल. घर्षण जवळजवळ नाही, आणि हा रेटा बाराही महिने चालू. पर्थच्या अक्षांशावर मोजलेली वर्षाची सरासरी सेकंदाला सुमारे ३४ लाख घनमीटर पाणी अशी आहे. एल निनोच्या वर्षी (प्रशांतचं गरम पाणी पूर्वेला सरकतं तेव्हा) ती ३० लाखांवर येते, ला निनाच्या वर्षी (ते पश्चिमेला साचतं तेव्हा) ४२ लाखांवर जाते. हा चढउतार लक्षात ठेवा, मृण्मयीताईंच्या मार्च २०११ चं उत्तर त्यातच आहे.

कप्तान_वेंगुर्ला
तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली थोडी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्यांत. उपग्रहावरून जहाजाची जागा कळायच्या आधीच्या काळात आम्ही सकाळी ताऱ्यांवरून आणि दुपारी सूर्यावरून जागा काढायचो. हिशेबानं जिथं असायला हवं आणि प्रत्यक्षात जिथं असू, त्यातला फरक म्हणजे प्रवाहानं केलेली ओढ. त्या किनाऱ्याला हिवाळ्यात ती ओढ दक्षिणेला लागायची. पण मध्येच एखाद्या दिवशी उलटी, उत्तरेला! कनिष्ठ अधिकाऱ्याचं गणित चुकलं असं वाटून त्याला परत आकडेमोड करायला लावायचो. आता कळतं की जहाज भोवऱ्याच्या दुसऱ्या अंगानं चाललेलं असायचं. त्या पोरांचं गणित बरोबर होतं.

केप लूविनचं नाव एका डच जहाजावरून पडलं. १६२२ मध्ये ते त्या किनाऱ्याला लागलं होतं. लूविन म्हणजे सिंहीण. प्रवाहाला मात्र हे नाव फार उशिरा मिळालं, १९८० मध्ये, क्रेसवेल आणि गोल्डिंग या दोन संशोधकांनी दिलं. त्यांनी पाण्यात बोये सोडले होते आणि त्यांचा माग उपग्रहावरून काढला होता.

अवांतर : भोवरा बघायचा तर पावसाळ्यात सोमालियाचा बघा. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की सोकोत्रा बेटाच्या दक्षिणेला चारपाचशे किलोमीटरचा भोवरा तयार होतो. त्याला ‘ग्रेट व्हर्ल’च म्हणतात. तिथं ओढ ६-७ नॉटपर्यंत (ताशी सागरी मैल) जाते.

अनघा_सातारा
कप्तानकाका, त्या पोरांना आता कळवा! :)

मी नववीला भूगोल शिकवते. पाठ्यपुस्तकात ‘पश्चिम किनारा = थंड प्रवाह’ असं सरळ कोष्टक असतं आणि मुलं ते पाठ करतात. उद्यापासून लूविनचा अपवाद सांगणार.

दोनापावला
आता भोवऱ्यांकडे. अरुंद आणि वेगवान प्रवाह फार वेळ सरळ राहत नाही. तो नागमोडी होतो, वळण वाढत जातं आणि शेवटी त्याचा तुकडा सुटून गरगरत पश्चिमेला समुद्रात निघून जातो. खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवरच्या प्रवाहांमध्ये भोवऱ्यांची सर्वांत जास्त ऊर्जा लूविनमध्ये आहे. त्यातले मोठे २०० किलोमीटर व्यासाचे असतात आणि महिनोनमहिने टिकतात.

गरम पाण्याचा भोवरा म्हणजे समुद्रावरची बुटकी टेकडी, मधोमध वीसतीस सेंटिमीटर उंच. दक्षिण गोलार्धात या टेकडीभोवती पाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं.

सह्यगिरी
इथं काहीतरी गडबड वाटते. कप्तानांचा सोमालियाचा भोवरा घड्याळाप्रमाणे फिरतो असं मी वाचलंय, आणि तोही गरम पाण्याची टेकडीच आहे ना?

दोनापावला
दोन्ही बरोबर. सोमालियाचा भोवरा विषुववृत्ताच्या उत्तरेला, पर्थचा दक्षिणेला. टेकडी तीच, फिरायची दिशा उलटी. तुमचं वाचन पक्कं आहे.

खाडीकाठ
उपग्रहाचं मी सांगतो, माझं काम त्या आकडेवारीशी आहे.

दोन वेगळ्या नजरा आहेत. पहिली तापमानाची. समुद्रातून निघणारे अवरक्त किरण उपग्रह टिपतो आणि त्यावरून पृष्ठभागाचं तापमान काढतो. एक किलोमीटरपर्यंतचे बारकावे मिळतात, पण ढग आले की सगळं बंद. सूक्ष्मलहरींना ढगांचा अडसर नाही, मात्र त्यांचं चित्र धूसर. आणि दोन्ही पद्धतींत दिसते ती फक्त वरची साय.

दुसरी नजर उंचीची. उपग्रह खाली रडारचे ठोके सोडतो आणि ते पाण्यावरून परत यायला लागलेला वेळ मोजतो. ऑगस्ट १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उडाला तेव्हापासून हे सलग चालू आहे. १३३६ किलोमीटर उंचीवरून, साधारण दर १० दिवसांनी त्याच रेषेवरून, काही सेंटिमीटरच्या अचूकतेनं! वीसतीस सेंटिमीटरची टेकडी म्हणूनच सापडते. उतार कळला की वर दोनापावला सरांनी सांगितलेल्या नियमानं प्रवाहाचा वेग आणि दिशा काढता येते. म्हणजे उपग्रह पाणी वाहताना बघत नाही, तो पाण्याचा आकार बघतो.

आपला यात वाटा आहे याचा मला मनापासून अभिमान आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये श्रीहरिकोट्याहून भारत-फ्रान्सचा ‘सरल’ उडाला. त्याचं रडार आधीच्या उपग्रहांपेक्षा जास्त वारंवारतेचं होतं, त्यामुळे किनाऱ्याच्या अधिक जवळ मोजमाप करता आलं. किनाऱ्यापाशी जमिनीचा प्रतिध्वनी मिसळतो आणि आकडे बिघडतात, हे या तंत्राचं जुनं दुखणं. लूविनसारखा किनाऱ्याला चिकटलेला प्रवाह नेमका तिथंच असतो. डिसेंबर २०२२ मध्ये उडालेला ‘स्वॉट’ एका रेषेऐवजी १२० किलोमीटरचा पट्टा बघतो, त्यामुळे आता छोटे भोवरेही दिसायला लागलेत.

देवबाग_तर
ह्या सगळा वाचून माका आमच्या दर्याची याद इली. आमच्याकडे पाणी बारमास एकाच दिशेन जायत नाय. थंडीत ओढ वर, रत्नागिरीच्या अंगान. पावसात ती खाली, कारवारच्या अंगान. बापूस जाळा टाकूच्या आधी दोरी सोडून ओढ बघी. उधाण-भांगाचा गणित येगळा आणि ह्या ओढीचा येगळा, असा तो सांगी.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं सरळ लिहितो. शेवंडांबद्दल (लॉब्स्टर) कोणी सांगेल का? पश्चिम ऑस्ट्रेलियाची शेवंड जगभर जाते असं ऐकलंय. तिचा आणि या प्रवाहाचा संबंध आहे का?

दोनापावला
तुमच्या वडिलांनी दोरीनं बघितलं ते पुस्तकांत ‘पश्चिम भारत किनारी प्रवाह’ या नावानं आहे. हिवाळ्यात तो उत्तरेला वाहतो आणि बंगालच्या उपसागराकडचं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या बाजूला आणतो. तेव्हा तोही बऱ्याच अंशी वाऱ्याच्या उलट जातो! लूविनचा दूरचा भाऊच म्हणा. पावसाळ्यात तो फिरतो आणि तळचं कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याकडे चढतं.

शेवंडांचं मृण्मयीताईंनी सांगावं, त्या तिथल्या.

मृण्मयी_पर्थ
इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंडांची गोष्ट मला त्याच जेराल्डटनच्या मच्छीमारांकडून कळली.

शेवंडीची अंडी किनाऱ्याजवळ फुटतात. पिल्लं कागदासारखी चपटी आणि पारदर्शक. ती वाहत समुद्रात दूर जातात आणि ९ ते ११ महिने तिथंच राहतात, त्या भोवऱ्यांमध्येसुद्धा. मग परत किनाऱ्याला लागतात. सरकारी संशोधक पाण्यात खोट्या शेवाळाचे झुपके टांगतात आणि त्यांत किती पिल्लं येऊन बसली ते मोजतात. त्यावरून तीनचार वर्षांनी किती शेवंड मिळणार याचा अंदाज बांधतात. लूविन जोरात तर पिल्लं जास्त, हा त्यांचा जुना अनुभव.

मग २००८-०९ मध्ये पिल्लं इतकी कमी आली की सगळे हादरले. सरकारनं लगेच पकड कमी केली. आधी वर्षाला १०-११ हजार टन मिळायची, ती जवळजवळ निम्म्यावर आणली. त्या म्हाताऱ्या काकांनी तेव्हा एक होडी विकली. पण ते मला म्हणाले, थांबलो नसतो तर आज काही उरलं नसतं. शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र जगात पहिल्यांदा याच शेवंडीला मिळालं होतं, २००० मध्ये.

देवबाग_तर
ताई, डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे पिल्लं कोण मोजतो? आधी मोजायचं आणि मग थांबायचं, हे आमच्या किनाऱ्यावर झालं असतं तर किती घरं सावरली असती.

रमा_डोंबिवली
भोवऱ्यात पिल्लं जगतात कशी? गरम पाण्याच्या टेकडीत पाणी खाली दबत असेल ना, मग खायला कुठून येणार?

दोनापावला
रमाताई, नेमका प्रश्न. एरवी गरम भोवरे ओसाड असतात, कारण तळचं पोषक पाणी वर येत नाही. लूविनचे वेगळे निघाले. उपग्रहाच्या रंगचित्रांत त्यांच्या पोटात हिरवटपणा, म्हणजे हरितद्रव्य, जास्त दिसलं. २००३ मध्ये ‘सदर्न सर्व्हेयर’ हे संशोधन जहाज अशा भोवऱ्यांत नेऊन पाणी तपासलं. किनाऱ्यावरचं सजीवांनी भरलेलं पाणी भोवरा सुटताना स्वतःबरोबर घेऊन जातो. शिदोरी बांधून निघाल्यासारखं.

यात किनाऱ्याचं नुकसानही असतं. भोवरा जे नेतो त्यातलं सगळं परत येत नाही.

सह्यगिरी
मार्च २०११ राहिलं. माझ्या मते ते हिंदी महासागर द्विध्रुव म्हणजे आयओडीमुळे झालं असणार. २०१९ मध्येही आयओडी होता, आपल्याकडे ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं आली आणि ऑस्ट्रेलियात वणवे पेटले.

खाडीकाठ
@सह्यगिरी, २०१९ चं तुमचं बरोबर आहे, २०११ चं नाही. द्विध्रुव हा विषुववृत्ताजवळचा, पाण्याच्या तापमानाचा पूर्व-पश्चिम झोका. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी तो मांडला, त्यात तीन नावं आपली. २०११ च्या घटनेचं मूळ प्रशांत महासागरात होतं.

२०१०-११ ची ला निना फार जोरदार होती. व्यापारी वाऱ्यांनी प्रशांतचं गरम पाणी पश्चिमेला रेटलं, इंडोनेशियाकडची पातळी चढली, आणि तो फुगवटा किनारी लाटेच्या रूपानं ऑस्ट्रेलियाचा किनारा धरून दक्षिणेला उतरला. हिवाळ्यात जोर धरणारा लूविन ऐन फेब्रुवारीत फोफावला. त्यात नेमके दक्षिणी वारेही पडले, त्यामुळे पाण्यातली उष्णता हवेत जायला वाव राहिला नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या पट्ट्यात पाणी नेहमीपेक्षा ३ अंशांनी गरम होतं, काही ठिकाणी थोडे दिवस ५ अंशांनी. शास्त्रज्ञांनी याला, तिथल्या वायव्य किनाऱ्यावरच्या निंगालू प्रवाळांवरून, ‘निंगालू निनो’ नाव दिलं. नावात निनो आहे, पण तो बहुधा ला निनाच्या वर्षी येतो, म्हणून घोळ होतो.

सह्यगिरी
समजलं, माझं मत मागे घेतो. मग याला हवामानबदल म्हणायचं की नेहमीचा चढउतार?

दोनापावला
दोन्ही, आणि हे वेगळं करून सांगणं फार महत्त्वाचं आहे. झोका जुनाच आहे. फ्रीमँटलच्या बंदरात १८९७ पासून समुद्राची पातळी मोजली जाते, तीत ला निनाची वर्षं उंच आणि एल निनोची खाली अशी स्पष्ट दिसतात. पण ज्या पाण्यावर हा झोका चालतो ते पाणीच आता वर्षागणिक गरम होत चाललंय. पूर्वी झोका वर गेला की जीव कासावीस व्हायचे, आता मरतात.

२०११ नंतर जेराल्डटनच्या उत्तरेला कॅल्बारीच्या आसपास सुमारे १०० किलोमीटर किनाऱ्यावरची केल्पची, म्हणजे उंच समुद्रशेवाळाची, जंगलं गेली. पाणी निवल्यावरही ती परत आली नाहीत. शार्क बेमधल्या सागरी गवताच्या कुरणांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक कुरणांना धक्का बसला. त्यावर डुगाँग (समुद्रगायी) जगतात. २०२५ च्या सुरुवातीला निंगालूचे प्रवाळ पुन्हा पांढरे पडले. मी हे आकडे नेहमीच्या सवयीनं वाचू शकत नाही.

कप्तान_वेंगुर्ला
आम्ही जहाजावरून बादली टाकून पाण्याचं तापमान घ्यायचो आणि नोंदवहीत लिहायचो. कंटाळवाणं काम वाटायचं. त्या नोंदी आज जुन्या तापमानाच्या हिशेबात धरल्या जातात हे निवृत्तीनंतर कळलं. तेव्हा एखादी नोंद अंदाजानं लिहिली नाही याचं आज फार समाधान आहे.

अनघा_सातारा
मृण्मयी, तुमचा मूळ प्रश्न उपग्रहाच्या चित्रावरून सुरू झाला होता. कप्तानकाकांच्या बादलीवरून सुचलं : तुम्हीच मोजून बघा ना! किनाऱ्यावर एकदा आणि समोरच्या रॉटनेस्ट बेटाच्या पश्चिम टोकाला एकदा, एकाच दिवशी. मुलांना खरे आकडे दाखवता येतील.

मृण्मयी_पर्थ
अनघाताई, नक्की. शनिवारी बोट आहे.

देवबाग_तर
थर्मामीटर दोरीक नीट बांधा. आणि थोडा खोल सोडा, वरच्या वर नको.

मृण्मयी_पर्थ
जाऊन आले! जरा सविस्तर लिहिते.

सकाळी सातला पर्थमधल्या कॉटेस्लोच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उतरले. हवा ८ अंश, पाय बधिर झाले. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा १७ च्या जवळपास. मग बोटीनं रॉटनेस्ट, तिथून बसनं पश्चिम टोक. खडकावरून दोरी सोडली, देवबागदादांनी सांगितल्याप्रमाणे दोन मीटर खाली. पाच मिनिटं ठेवली. २०.१. पुन्हा सोडली. २०. मुलगा म्हणाला, आई, थर्मामीटर बिघडलाय. म्हणून त्यानं स्वतः सोडला. २०.१.

मधलं अंतर साधारण तीस किलोमीटर, आणि भर थंडीत समुद्राकडचं पाणी ३ अंशांनी गरम. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी रात्री निवतं, आणि बेटाच्या टोकाला लूविनची कड लागते. उथळ पाण्यात गुलाबी प्रवाळ दिसले, ३२ अंश दक्षिणेला. मला वाचून माहीत होतं, पण आज पहिल्यांदा ते का आहेत हे जाणवलं. घरी येऊन त्याच दिवसाचं उपग्रहाचं चित्र उघडलं. केशरी पट्ट्याचं टोक बेटाला टेकलेलं होतं.

अनघाताई, आकडे आणि फोटो निरोपातून पाठवले आहेत. मुलगा विचारतोय की आता महिन्यातून एकदा जाऊन वर्षभर मोजायचं का.

अनघा_सातारा
मिळाले! सोमवारी वर्गात फळ्यावर लिहिते. त्याला सांगा, आमच्या ४३ मुलांना पुढच्या महिन्याचा आकडा हवाय.

कप्तान_वेंगुर्ला
नोंदवहीत वेळ, वारा आणि ढगही लिहायला सांगा त्याला.